काऊन की कामून

मानवी संस्कृतीचा सगळा इतिहास म्हणजे अजून न आलेल्या गोष्टींवर केलेलं भाष्य आहे. हे वाक्य माझंच आहे. अजून बाजारात न आलेल्या एका व्हिडिओ गेममधल्या राक्षसाच्या डाव्या गुडघ्यावर जे दिसतं ते चिलखत आहे की चिखल, यावर आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपात वाद चालला होता, तेव्हा मी ते लिहिलं. त्याला भरपूर अंगठे मिळाले. मग कुणीतरी तो गुडघा मोठा करून पाठवला. चिखल होता.

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मला हे सगळं आठवतं. लातूरहून नांदेडला जाणारी एसटी अहमदपूर ओलांडते, तोवर दोन्ही बाजूंना मळणी यंत्रं घरघरायला लागलेली असतात. भुसकटाचा पिवळा धुरळा खिडकीतून आत येतो आणि सगळी बस खोकायला लागते. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्याच्या कडेनं दगड मांडलेले असतात, आणि ड्रायव्हर शिव्या देत, पण दाणा न चिरडता, त्याला वळसा घालतो. आभाळात एखादा काळा ढग दिसला की बसमधली माणसं बोलायची थांबतात. परतीचा पाऊस येणार की नाही, आला तर ढीग झाकायला वेळ मिळेल का; सगळा मुलूख अंदाजावर जगत असतो. त्या वर्षी आम्हीही अंदाजावरच जगत होतो. फरक इतकाच की आमचं पीक अजून पेरलेलंही नव्हतं.

यंदा याच रस्त्यावर, लोह्याच्या अलीकडं, फोन वाजला. बालाजीनं बातमी पाठवली होती: खेळ पुन्हा पुढं ढकलला. खाली त्याचं एक अक्षर नव्हतं. एके काळी या बातमीवर त्यानं निबंध लिहिला असता, आकृत्यांसह.

बालाजी लातूरला एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मी त्याच शहरात एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. पोरं ज्या विषयाला घाबरतात तो त्याचा, आणि ज्याला घाबरण्याइतकंही महत्त्व देत नाहीत तो माझा. आमची ओळख मात्र नांदेडची, आणि माझं घरही तिथंच, दर सुट्टीला मी तिकडं जातो. शिकत असताना आम्ही दोघंही विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या मोईनच्या गेमिंग पार्लरमध्ये पडून असायचो. मोईनच्या घरचं पिढीजात अत्तराचं दुकान जुन्या गावात आहे. वडिलांशी भांडून त्यानं इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी हे पार्लर काढलं, पण कपड्यांचा वास काही जाईना. त्यामुळे त्या खोलीत तापलेलं प्लास्टिक आणि खसचं अत्तर यांचा मिळून एक वास यायचा. मला तो अजून युद्धाचा वास वाटतो.

ज्यांना या जातीच्या खेळांची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातात तलवार असते. मिळेल ते चिलखत अंगावर चढवायचं असतं. एका उद्ध्वस्त राज्यातून वाट काढायची असते आणि वाटेत सारखं मरायचं असतं. मेलं की थोडं मागं उठायचं, मागच्या वेळेपेक्षा जरा शहाणं होऊन पुन्हा त्याच राक्षसापुढं उभं राहायचं. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला यात फार काही नवीन वाटत नाही.

अशाच एका खेळाचा पहिला भाग आम्ही मोईनच्या पार्लरमध्ये मिळून संपवला होता. दुसरा भाग येणार ही घोषणा झाली ती सोयाबीनच्या दिवसांत. घोषणा म्हणजे एक छोटीशी चित्रफीत. धुकं, नदी, नदीवर दारांची लांबच लांब भिंत, एक बैलगाडी, चिखलात गुडघे भरलेला तो राक्षस, आणि शेवटी होडीत बसलेली, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी दिसणारी एक म्हातारी. ती आपल्याकडं वळते आणि कंपनीनं खास रचून घेतलेल्या काल्पनिक भाषेत एक शब्द बोलते. मग अंधार. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला म्हातारीच म्हणायचो.

तो शब्द जगानं आपापल्या परीनं ऐकला. कुणाला तो शाप वाटला, कुणाला देवतेचं नाव. एका परदेशी विद्वानानं त्याचं मूळ लॅटिनमध्ये शोधून काढलं. मोईननं तो ऐकला आणि खुर्चीवरून उठलाच.

"मास्तर, म्हातारी काऊन म्हणून राहिली!"

परत लावला. काऊन. आवाज वाढवून लावला. काऊन. आमच्याकडं 'का' असं कुणी विचारत नाही, काऊन विचारतात. या शब्दावरून पुण्यात एका मुलाखतीत माझ्याकडं बघून माणसं कौतुकानं हसली होती, आणि कौतुकानं हसणं हे हसण्यातलं सगळ्यात वाईट असतं. आमची बोली पडद्यावर ऐकू आली तर बहुधा शिपायाच्या नाहीतर दारुड्याच्या तोंडी येते. इथं ती धुक्यातून आलेल्या, मेलेल्यांना नदीपार नेणाऱ्या म्हातारीच्या तोंडी होती. मी विद्वत्तेचा आव आणून दोन-चार शंका काढल्या खऱ्या, पण माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो शंकांचा नव्हता.

बालाजीचा लातूरहून लगेच फोन आला. "काऊन न्हाई, कामून म्हणती ती. मधला म ऐका नीट. कामून लातूरकडं म्हणतात."

"तुमच्या लातूरला सगळंच पायजे," मोईन म्हणाला. "आमच्या वाटचं आयुक्तालय पायजे, आता म्हातारी बी पायजे का?"

बालाजीनं त्या आवाजाचा आलेख काढला आणि त्यात म कुठं आहे ते लाल गोल करून दाखवलं. मोईननं त्याच आलेखावर हिरवा गोल काढून तिथं म नाही हे दाखवलं. ग्रुप वाढत गेला. त्याचं नाव 'म्हातारी अभ्यास मंडळ' झालं. काही जण 'ज्येष्ठ अभ्यासक' झाले. माणसं 'माझ्या अल्प मतीनुसार' असं लिहून चार-चार पानी मतं देऊ लागली. बैलगाडीचा बैल आमच्याकडच्या लाल कंधारी जातीचाच आहे हे शिंगांच्या बाकावरून सिद्ध झालं. खेळात दमछाक दाखवणारी पट्टी असेल की नसेल, नदीत पोहता येईल की नुसतं बुडता येईल, यावर दोन तट पडले. मी आयुष्यात बरीच चर्चासत्रं पाहिलीत. त्यांच्या तुलनेत इथं एक मोठा गुण होता. ज्या कृतीवर बोलायचं ती कुणीच वाचलेली नाही, हे इथं सगळ्यांना मान्य होतं.

एका रविवारी आम्ही विष्णुपुरीच्या धरणावर गेलो. दारांची ती भिंत हीच, असं मंडळाचं ठरलं होतं. फक्त पडताळणी बाकी होती. वर पाऊस झाल्यामुळे काही दारं उघडली होती आणि पाण्याचा तुषार रस्त्यापर्यंत येत होता. बालाजी फोनमधलं चित्र एका डोळ्यासमोर आणि खरं धरण दुसऱ्या डोळ्यासमोर धरून उभा होता. राखणदार काठी टेकत आला.

"काय मोजून राहिले?"

"गेटं," मोईन म्हणाला.

"काऊन?"

मोईननं बालाजीच्या पाठीत असा गुद्दा घातला की फोन गोदावरीत जाता जाता वाचला. "ऐकलं का सर? आलाय का कुठं म?" राखणदार आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग म्हणाला, "पुढं जाऊ नका बाबाहो. शिकलेलीच माणसं पडतात हितं."

त्या दिवशी आमच्याबरोबर विशाखाही होती. ती कठड्यावर बसून पाण्याचा रंग बघत होती. घोषणा झाली त्याच दिवसांत मोईनच्या पार्लरची भिंत तिनं रंगवली होती. पहिल्या भागातला शेवटचा राक्षस तिनं असा काढला होता की नवीन गिऱ्हाइकं त्या भिंतीकडं पाठ करून बसत. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. घरात शिकून सरकारी नोकरीत जायची रीत होती. मोठा भाऊ तलाठी, वहिनी नर्स. विशाखानं चित्रकलेच्या शिक्षिकेचा डिप्लोमा केला होता आणि ती अर्ज करत होती. तोवर ती चिलखतं काढायची. तिच्या चिलखतांना घाम यायचा. खांद्याच्या जागी घासून गुळगुळीत झालेलं कातडं, एका बाजूनं सैल झालेला बंद. "रोज घालणाऱ्या माणसाचं असं होतंच की सर," ती म्हणायची. "कंपनीवाले नवं कोरं दाखवतात. लढाईला निघाल्यात की वरातीला?"

हळूहळू कंपनीकडून काही यायचं बंद झालं. नवं चित्र नाही, तारीख नाही. नवरात्र जवळ आलं तसा ग्रुप थंडावला. ज्येष्ठ अभ्यासक एकमेकांना सणाच्या शुभेच्छा पाठवू लागले, आणि कुठलंही अभ्यास मंडळ मरायला टेकल्याची ती खूण असते. पार्लरमध्येही गर्दी कमी झाली होती. पोरं आपापल्या फोनवर खेळायला लागली होती.

आणि एका शुक्रवारी मोईन मला म्हणाला, "मास्तर, एक गोष्ट सांगतो, कुणाला सांगू नका." एवढं बोलून त्यानं ती ग्रुपवर टाकली. त्याच्या खालाचा मुलगा अजहर हैदराबादला डिझाइनचं काम करतो. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांची कामं तिथं येतात. तो दगड बनवतो.

"कुठले दगड?" बालाजीनं विचारलं.

"आता ते काय तोंडानं सांगायचं का सर? बाहेर काही बोलणार न्हाई म्हणून सही केलेली हाय त्यानं. समजून घ्या."

आम्ही समजून घेतलं. समजून घेण्यात आमचा हात कुणी धरला नसता. म्हातारीच्या नदीकाठचे दगड नांदेडच्या एका माणसाच्या मावसभावानं घडवलेत, याहून नैसर्गिक गोष्ट त्या आठवड्यात आम्हाला दुसरी दिसत नव्हती.

मग दर शुक्रवारी, दुपारची नमाज झाली की, मोईनकडून काहीतरी यायचं. 'भाई बोलला' अशी सुरुवात असायची. भाई बोलला, उंचावरून पडलं तर किती लागेल ते वजनावर ठरणार, अगदी हिशोबानं. बालाजी तो दिवस क्लासमध्ये हवेतच होता. फिजिक्सची चेष्टा करणाऱ्या खेळांवर तो कित्येक वर्षं चिडून होता. भाई बोलला, धरणाची दारं उघडली की नदी चढणार, बंद केली की बुडालेली देवळं वर येणार. भाई बोलला, खेळात ग्रंथालय हाय, आणि तिथली पुस्तकं भिंतीवर रंगवलेली न्हाईत, उघडतात, वाचता येतात. हे वाचलं तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होतो. जगात कुठंतरी कुणीतरी माझ्यासारखा माणूस आहे, त्याच्या हाती सत्ता आहे, आणि त्यानं पुस्तकं उघडी ठेवलीत, या विचारानं मला इतकं बरं वाटलं की मी पुढचा तास आवाज न चढवता घेतला.

त्यानंतरच्या शुक्रवारी आलं ते विशाखाचं होतं, पण ते तिचं आहे हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. भाई बोलला, खेळात मेलं की होडीतली म्हातारी विचारते, काऊन? काऊन मेलास? मग आपण कारण निवडायचं. घाई केली, घाबरलो, लोभ सुटला. खरं सांगितलं तर ती जवळच्या काठावर सोडते. खोटं सांगितलं तर लांब, अंधाऱ्या काठावर.

विशाखाचा मला फोन आला. ती आधी नुसती हसत होती. "सर, हे माझ्या डोक्यातलं हाय. जसंच्या तसं. खरं-खोटं, जवळचा काठ, लांबचा काठ, सगळं. मी कुणाला सांगितलेलं बी आठवत न्हाई. माझ्या डोक्यातलं तिकडं कसं गेलं?"

"चांगल्या कल्पना एकाच वेळी दोघांना सुचतात," मी प्राध्यापकी थाटात म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

"म्हंजे मी त्यांच्यासारखा विचार करते, असंच ना? तिकडच्या लोकांसारखा?"

त्याच सुमाराला तिला किनवटकडच्या एका आश्रमशाळेतून बोलावणं आलं. चित्रकलेची शिक्षिका. दिवाळीच्या सुट्टीआधी हजर व्हायचं होतं. आणि त्याच आठवड्यात मोईननं तिला सांगितलं की तिची चित्रं त्यानं अजहरला पाठवलीत, वरच्या माणसाला आवडलीत, दिवाळीनंतर बोलावतील, तेव्हा मोकळी राहा.

मी विशाखाच्या घरी गेलो होतो तेव्हा तिचे वडील अंगणात खाटेवर बसून शेंगा फोडत होते. "तुम्हीच सांगा सर," ते म्हणाले. "मी अख्खी जिंदगी स्टँडवर काढली. समोर उभी असलेली गाडी सोडून मागून येणाऱ्या गाडीची वाट बघणारी लई माणसं पाह्यली. मागची रिकामी येती म्हणत्यात. कधीच येत न्हाई."

"बाबा, ही काय बस हाय का?" विशाखा आतून म्हणाली.

"मंग काय हाय?"

याचं उत्तर मला नंतर समजलं. तिला नोकरी नको होती असं नव्हतं, आणि तिला परदेशी कंपनीची झगमगही नको होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला पुरावा मिळाला होता. एवढ्या लांब, कुठल्या तरी बर्फाळ गावात बसलेल्या, जगातला सगळ्यात चांगला खेळ बनवणाऱ्या माणसांच्या डोक्यात तेच आलं होतं जे नांदेडात भिंत रंगवताना तिच्या डोक्यात आलं होतं. त्या पुराव्यासाठी ती किनवटला गेली नाही. हजर व्हायची मुदत टळली त्या दिवशी तिनं म्हातारीचं एक मोठं चित्र काढलं. मला वाटतं ते तिचं सर्वांत चांगलं चित्र आहे. आता ते तिच्याकडं नाही, कुणाकडं आहे ते ती सांगत नाही.

दिवाळी झाली. शेतं मोकळी झाली, हवेतलं भुसकट बसलं, घसे सुटले. मोईनच्या बहिणीचं लग्न होतं. दुपारच्या जेवणाला आम्ही तिघं गेलो. मंडपात खसचा वास होता, बिर्याणीची डेग उघडली की तो दबायचा आणि पुन्हा वर यायचा. विशाखा निळ्या रेशमी साडीत आली होती आणि तिच्या हातात चित्रांची प्लास्टिकची फाइल होती. लग्नाला फाइल घेऊन येणारी ती एकटीच. अजहर येणार हे तिला माहीत होतं.

अजहर हा हसरा, गुबगुबीत, अतिशय सज्जन माणूस निघाला. बालाजीनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला, जसा आपण एखाद्या महाराजांचा धरतो.

"दगड तुम्हीच बनवता ना?" विशाखानं विचारलं.

"हौ आपा, पत्थर मैंच बनातूं," अजहर खुलून म्हणाला. "मॅट बोले तो मॅट, ग्लॉसी बोले तो ग्लॉसी. ग्रॅनाइट, संगमरमर, सब कंप्यूटर पे."

"नदीकाठचे?"

"नद्दी?" त्यानं जरा विचार केला. "नद्दी का नै आया अब्बी तक. ज्यादा करके बाथरूम के रहते. किचन के भी रहते थोडे."

बालाजीनं त्याचा हात सोडला. त्याला वाटलं आपण कमी सांगितलं. त्यानं खिशातून फोन काढून आम्हाला चित्रं दाखवली. फरशा होत्या. मोठ्या टाइल्सच्या कंपनीच्या, चौकोनी, करड्या, एकीसारखी दुसरी. खरंच चांगल्या होत्या. ओलसर दगडावर शेवाळ धरतं तसा एक हिरवा डाग त्यानं एका फरशीवर असा घातला होता की हात लावावासा वाटला.

"आणि माझी चित्रं?"

"वो तस्वीरां आप के हैं?" अजहर मनापासून म्हणाला. "माशाल्ला, क्या हात है आपा! मैं साब कू भी दिखाया. वो बोले, अच्छे हैं, मगर बॉर्डर में फुलां चलते, राक्षसां नै चलते."

मंडपाच्या मागं हात धुवायच्या नळांपाशी मोईन सापडला. अंगात पांढरी शेरवानी, हातात गुलाबपाण्याची चांदीची झारी. आमचे चेहरे पाहूनच त्यानं झारी खाली ठेवली.

विशाखानं विचारलं, "तू हे का केलंस?"

त्या नळांवर पाणी सांडत होतं, लोक हात धुऊन जात होते, आणि मला त्या वाक्यातल्या 'का'शिवाय काही ऐकू येत नव्हतं. तिनं काऊन म्हटलं नव्हतं. तिनं शाळेतलं, पुस्तकातलं, अनोळखी माणसाशी बोलायचं 'का' वापरलं होतं आणि वर 'केलंस' म्हणाली होती. आमच्याकडं रागावलेली माणसं शिव्या देतात, ओरडतात, आणि संध्याकाळी एकत्र चहा पितात. प्रमाण मराठीत विचारलं म्हणजे प्रकरण संपलं.

मोईनलाही ते कळलं. तो म्हणाला, "विशाखा, आज बहिणीचं लग्न हाय. उद्या बोलू का?"

"आज सांग."

"काय वाईट केलं मी? ग्रुप मरून राहिला होता. सगळे निघून चालले होते. मी काय खोटं बोललो, सांग. तुमच्याच गोष्टी तुम्हाला सांगितल्या. मास्तरला पुस्तकं पायजे होती, सरला वजन पायजे होतं. तू भिंत रंगवताना म्हातारीचं सांगितलं होतं, मला लई आवडलं होतं ते. म्हटलं, असं खरंच असलं तर कसं होईल."

"आणि माझी नोकरी?"

मोईननं वाहता नळ बंद केला. पाणी वाया जात होतं, तेवढं खरं.

आम्ही बिर्याणी खाऊनच निघालो, कारण वधूचे वडील हात धरून पंगतीत बसवत होते आणि त्यांचा यात काही संबंध नव्हता. विशाखानं ताटातलं सगळं संपवलं. फाइल मांडीवर होती.

फसवलं कुणी, हा प्रश्न मी नंतर बरेच दिवस शास्त्रीय पद्धतीनं सोडवत होतो. कंपनीनं फसवलं असं म्हणावं, तर त्यासाठी कंपनीनं आम्हाला काहीतरी सांगायला हवं होतं. तिनं एक शब्द सांगितला होता, आणि तोही आम्हीच ऐकला होता. अजहरनं तर अक्षरशः खरं सांगितलं. राहिला मोईन. त्याच्यावर मी अजून चिडून आहे, आणि चिडण्याचं कारण त्याचं खोटं बोलणं नाही. खोटं तर दर निवडणुकीला ऐकतो, दर जूनमध्ये लातूरच्या क्लासच्या फलकांवर वाचतो, आणि रात्री शांत झोपतो. पण ते खोटं सगळ्यांसाठी शिवलेलं असतं, कुणालाच नीट बसत नाही. मोईननं माप घेतलं होतं. उघडणाऱ्या पुस्तकांचं मी कधीतरी चहा पिताना बोललो असेन, मला आठवतही नाही. त्यानं लक्षात ठेवलं होतं. आमच्यापैकी प्रत्येकाचं त्यानं जितकं मन लावून ऐकलं होतं, तितकं घरात कुणी ऐकलं नाही, कॉलेजात तर नाहीच. आणि ऐकून झाल्यावर त्यानं ते आमचं आहे हे आमच्यापासून लपवलं. मला ते ग्रंथालय हवं होतं, अजूनही हवं आहे, पण आता त्याचा विचार आला की आधी मोईनचा आवाज येतो, 'भाई बोलला'. स्वतःच्या इच्छेवर दुसऱ्याचा शिक्का बसला की ती परत घेता येत नाही.

विशाखाचं तर याहून वाईट झालं. ती म्हातारीचा तो प्रश्न आता काढत नाही. मी एकदा म्हटलं, कल्पना तर तुझीच होती, तुझीच आहे, काढ ना. ती म्हणाली, "माझी एकटीची हाय, हाच तर घोळ हाय सर." एवढंच. सध्या ती नांदेडला एका फ्लेक्सच्या दुकानात बसते. वाढदिवसाच्या शुभेच्छांमधले भावी आमदार उजळ करते, त्यांच्या गळ्याखालच्या वळ्या पुसते. राक्षस काढलेल्याचा उपयोग होतो म्हणते.

मोईनचं पार्लर चालू आहे. भिंत तशीच आहे, असं ऐकतो. त्या रस्त्यानं बस जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघतो, आणि दुसऱ्या बाजूला बघण्यासारखं काही नाही.

त्या हिवाळ्यातली अजून एक गोष्ट राहिली. विशाखा म्हणाली, "सर, एकदा किनवटला येता का माझ्यासंगं? आता काही होणार न्हाई, म्हाईत हाय. तरी एकदा विचारून येऊ. आमच्या बाबांना सांगू नका." आम्ही सकाळच्या रेल्वेनं गेलो. पुढं पुढं जंगल दाट होत गेलं, सागाची मोठाली पानं रुळांवर पडलेली होती. वाटभर मी मनातल्या मनात तिच्या वतीनं एक भाषण तयार केलं. संधी, चूक, कलावंताचं मन, दुसरी वेळ, असं सगळं त्यात होतं. भाषण चांगलं झालं होतं.

शाळेत मुली उन्हात रांगेनं बसून जेवत होत्या. मुख्याध्यापक स्वेटर आणि मफलर घालून त्यांच्यावर लक्ष ठेवत उभे होते. विशाखानं नाव सांगितलं. त्यांनी तिच्याकडं निरखून पाहिलं.

"चित्रकलेच्या मॅडम तुम्हीच का? बरं झालं तवा आल्या न्हाईत."

"म्हणजे?" मी विचारलं.

"अहो, दिवाळीच्या आधीच वरून सांगणं आलतं, चित्रकलेचं पद भरायचं न्हाई म्हणून. तुम्हाला कळवायचं राहून गेलं. हजर व्हायला आला असता तर चहा पाजून परत पाठवावं लागलं असतं." मग त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला.

विशाखा बशीत चहा ओतून शांतपणे प्यायली. कप खाली ठेवून तिनं विचारलं, "मग आता ती जागा रिकामीच हाय का?"

जागा अजूनही रिकामीच आहे. पण भरायची नाही असं ठरलेलं असल्यामुळे तिला रिक्त म्हणत नाहीत.